प्लॅन मिरर करू नका, फिरवा! ग्लासगोचा डबल व्हिला

नमस्कार मंडळी. जोडबंगल्यांचा विषय निघाला की कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "दोन घरं एकमेकांना चिकटून बांधायची, तर प्लॅन मिरर करण्याशिवाय पर्याय काय?"

पर्याय आहे, आणि तो दगडात उभा आहे. ग्लासगोच्या लँगसाइड भागात, मॅन्शनहाउस रोडवर. नाव डबल व्हिला, बांधकाम १८५६-५७ चं, आर्किटेक्ट अलेक्झांडर थॉमसन. लोक त्याला 'ग्रीक' थॉमसन म्हणतात. पठ्ठ्या ग्रीसला कधी गेलाच नव्हता, तो भाग वेगळा.

बाकीची माहिती भरभर. दगड सँडस्टोन, छपरांना उतार कमी, वळचणी चांगल्या बाहेर आलेल्या. जतनाच्या यादीत वरची, म्हणजे 'ए' श्रेणी. झालं. आता मुद्द्यावर येऊ, कारण नेमकं इथेच सगळे घसरतात.

ही दोन घरं एकसारखी आहेत, पण एकमेकांची आरशातली प्रतिमा नाहीत. दुसरं घर १८० अंशात फिरवलंय. पत्त्यातला राजा आठवा: पान उलटं धरलं तरी राजा सरळच दिसतो. तसं.

नाही पटलं? ट्रेसिंग पेपरवर एका घराचा प्लॅन काढा. कागद पालथा केला, शाईची बाजू खाली गेली, तर तो मिरर. शाई वरच राहिली आणि कागद टेबलावर फक्त अर्धा फेरा फिरला, तर तो थॉमसन. "शेवटी दोन्ही एकच ना?" असं लिहिणाऱ्यांनी हे आधी करून बघा, मग बोलू.

आता आतून बघा. मिरर जोडीत एका घरात शिरल्यावर जिना उजव्या हाताला असेल, तर दुसऱ्यात तो डाव्या हाताला जातो. फिरवलेल्या जोडीत दोन्हीकडे उजव्याच हाताला. सुताराला एकाच नमुन्याचे दोन जिने करायचे, कठडासुद्धा त्याच बाजूला.

आणि बाहेरून? मिरर जोडीत सामाईक भिंतीच्या रेषेवर सगळं दुमडलेलं असतं: दाराशेजारी दार, खिडकीला खिडकी. दोन बिऱ्हाडं आहेत हे लांबूनच कळतं. डबल व्हिलाच्या कुठल्याही बाजूला उभे राहा, समोर एका घराचा पुढचा भाग आणि दुसऱ्याचा मागचा भाग असतो. दर्शनी बाजू मुद्दाम असमान, त्यामुळे डोळा तो एकच मोठा बंगला समजतो. पण यासाठी अट कडक आहे: मागची बाजू दर्शनी बाजूइतकीच नीट बांधावी लागते. आपल्याकडे मागे पाइप, मीटर, गिझरचा धूर आणि वाळत घातलेले कपडे. इथे तुमची मागची भिंत म्हणजे शेजाऱ्याचं तोंड!

याची किंमतही मोजावी लागते. मिरर प्लॅनमध्ये सामाईक भिंतीतल्या शेकोट्या पाठीला पाठ लावून बसतात आणि धूर एकाच जाड धुराड्यातून निघतो. प्लॅन फिरवला की एका घराची शेकोटी भिंतीच्या पुढच्या टोकापासून दहा फुटांवर असेल, तर दुसऱ्याची मागच्या टोकापासून दहा फुटांवर येते. दोन्ही जुळतात फक्त बरोबर मध्यावर असतील तरच. आज शेकोटीच्या जागी संडास-बाथरूमची शाफ्ट, म्हणजे पाइप जाणारी उभी पोकळी धरा, हिशोब तोच. शाफ्ट मध्यावर आणा, नाहीतर दोन स्वतंत्र लाइनींचा खर्च धरा.

वास्तुवाल्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: एकाचं दार पूर्वेला आलं की दुसऱ्याचं पश्चिमेलाच येणार. त्यावर तोडगा नाही, भांडू नका. पुण्या-नागपूरकडे खरी अडचण उन्हाची आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या घराची पुढची खोली दुपारनंतर तापते, त्यामुळे तिथे छज्जा जास्त खोल घ्यावा लागतो. प्लॅन एकच राहिला तरी छज्जे एकसारखे राहत नाहीत.

खासगीपणाचाही प्रश्न आहे. तुमच्या मागच्या खिडक्या शेजाऱ्याच्या पुढच्या बागेत उघडतात. त्यामुळे मागे स्वयंपाकघर, कोठी, जिना अशाच जागा ठेवा आणि खिडक्यांचा उंबरा वर घ्या.

दगडाबद्दल थोडं, कारण "सिमेंटने दर्जा (म्हणजे दगडांमधले सांधे) भरल्या तर काय बिघडतं?" हेही सतत विचारलं जातं. आपला काळा दगड घट्ट असतो, सँडस्टोन पाणी पितो. सिमेंटच्या दर्जा दगडापेक्षा कठीण, त्यातून ओल बाहेर पडत नाही. मग ती दगडातून वाट काढते, थंडीत गोठते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. म्हणून चुना. झिजायचं तर दर्जेने झिजावं, ती पुन्हा भरता येते. शिवाय दगडाचे नैसर्गिक थर भिंतीत आडवेच ठेवायचे. उभे करून तोंड बाहेर काढलं की थर पानासारखे सुटतात.

आणि जोडघरात दुरुस्ती दोघांनी मिळूनच करायची. एकाने अर्धी दर्शनी बाजू घासून लख्ख केली आणि दुसऱ्याने नाही, की सामाईक भिंतीची रेषा बाहेरून आखल्यासारखी दिसते.

तुमचे प्लॅन कमेंटमध्ये टाकताना उत्तरेचा बाण आणि शाफ्टची जागा दाखवा. त्याशिवाय मिरर करायचा की फिरवायचा, हे सांगता येत नाही.