फाईल पोहोचली, हे कशावरून?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापला आहे ‘मोठ्या फाईल्स वेगाने कशा पाठवाव्यात’. वेगाकडे मी येणारच आहे. पण तुमच्यातले बरेच जण दिवाळी अंकाच्या धांदलीतून वेळ काढून आलात, म्हणून आधी एक वेगळा प्रश्न. डिझायनर म्हणतो, ‘फाईल पाठवली.’ प्रेस म्हणते, ‘मिळाली.’ ती जशीच्या तशी मिळाली हे दोघांपैकी कोणी तपासलं?

आकार किती असतो ते आधी पाहू. ए-फोर पान, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी ठेवलेली जादा कड), ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). म्हणजे २५५१ गुणिले ३५७९ पिक्सेल आणि प्रत्येक पिक्सेलला सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या चार रंगांचे, चार बाइट. कॉम्प्रेशन नसेल तर एका पानाचे साडेछत्तीस एमबी. अशी चाळीस पानं झाली की दीड जीबीच्या जवळ पोहोचलो. सीटीपीकडे, म्हणजे संगणकावरून थेट प्लेट काढणाऱ्या यंत्राकडे, जाणारी एक-बिट टिफ (प्रत्येक ठिपका शाईचा की कोरा एवढंच सांगणारी फाईल) तर वेगळीच. २० बाय ३० इंची फॉर्म (एका प्लेटवर मांडलेली पानं) २४०० डीपीआयला रिप केला, म्हणजे रिप सॉफ्टवेअरने ठिपक्यांत बदलला, की एका रंगाची प्लेट ४३२ एमबी, चार रंग आणि पाठपोट धरून साडेतीन जीबी. अशी फाईल आवळणाऱ्या जी-फोर कॉम्प्रेशनचा मजकुराच्या प्लेटला भरपूर उपयोग होतो, फोटोंच्या बारीक ठिपक्यांना फारच कमी.

आता व्हॉट्सॲप. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार, कारण अंकातल्या निम्म्या जाहिराती याच वाटेने येतात. ‘एचडी’ न निवडता फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि वर जेपेगचं कॉम्प्रेशन बसतं. ३०० डीपीआयला १६०० पिक्सेल म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. पानभर ताणलंत तर हातात उरतात १३५ डीपीआय. जाहिरातदार म्हणतो, माझ्या मोबाईलवर स्वच्छ दिसतंय. दिसणारच, मोबाईलचा पडदा केवढासा! मग ऑपरेटर फोटोशॉपमध्ये आकडा ३०० करून देतो. त्याने पिक्सेल वाढतात, पण गेलेला तपशील परत येत नाही. दागिन्यांच्या जाहिरातीत नक्षी पुसट होते आणि बारीक अक्षरांभोवती धूर दिसतो. यात ऑपरेटरला बोल लावू नका. उपाय सोपा आहे: तीच फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तिला कोणी हात लावत नाही, आणि २०२२ पासून मर्यादाही २ जीबीपर्यंत आहे. जाहिरातीच्या दरपत्रकावर ही एक ओळ ठळक छापा.

ईमेलचंही तसंच. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण जोडलेली फाईल मजकुराच्या रूपात बदलताना तीन बाइटचे चार होतात. म्हणून १८ एमबीच्या पुढे गेलात की अडचण.

आपल्याकडची खास अडचण फॉन्टची. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेला अंक खुल्या (बदल करता येणाऱ्या) फाईलने पाठवला आणि समोर तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटतात. पीडीएफ-एक्स-१ए (छपाईसाठीचं पीडीएफ मानक) केलंत तर फॉन्ट आत बसवलेलेच असावे लागतात. खुली फाईल द्यावीच लागली, तर इनडिझाइनचं ‘पॅकेज’ (फॉन्ट आणि चित्रांसह एकत्र फोल्डर) करून झिप करा, आणि आतल्या फाईल्सची नावं साध्या रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी नावं मॅकवरून विंडोजवर जाताना बिघडू शकतात.

अर्धवट फाईल कशी ओळखायची? झिपची सूची शेवटी असते, म्हणून शेपूट तुटली की ती नीट उघडत नाही, लगेच कळतं. जेपेग मात्र उघडते आणि खालचा भाग राखाडी दिसतो. लघुचित्र बघून पान लावणाऱ्याला ते दिसतही नाही. एफटीपीची (सर्व्हरवर फाईल चढवण्या-उतरवण्याच्या जुन्या पद्धतीची) गंमत निराळी. १९८५ च्या त्या मानकात ‘ॲस्की’ आणि ‘बायनरी’ हे नेहमी वापरले जाणारे प्रकार आहेत. ॲस्कीत ओळीच्या शेवटाचं चिन्ह बदललं जातं. मजकुराला ते चालतं, पण चित्रात तोच बाइट जिथे जिथे असेल तिथे भर पडते आणि चित्र फाटतं. फाईलझिला या एफटीपी प्रोग्रॅममध्ये ट्रान्सफर टाइप ‘बायनरी’ ठेवा. आणि पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीची एक फाईल त्यावर बसतच नाही.

हॉट फोल्डर (ज्यातली फाईल रिप आपोआप उचलतो) वापरणाऱ्यांनी एवढं लिहून घ्या. अपलोड चालू असतानाच रिप फाईल उचलतो आणि अर्ध्या पानाची प्लेट निघते. फाईल आधी ‘पार्ट’ अशा तात्पुरत्या नावाने चढवा, पूर्ण झाली की नाव बदला, आणि रिपला ते तात्पुरतं नाव दुर्लक्षायला सांगा.

आणि माझा मुख्य आग्रह: चेकसम, म्हणजे फाईलमधल्या बाइटांवरून काढलेला तिचा ठसा. सेव्हन-झिप असेल तर फाईलवर राइट-क्लिक करून शा-२५६ प्रकारचा चेकसम काढा. चौसष्ट अक्षरं येतात. ती फाईलसोबत न पाठवता वेगळ्या संदेशाने पाठवा. प्रेसने आपल्याकडे तीच काढून जुळवावीत. एक बिट जरी बदलला तरी जवळजवळ सगळी अक्षरं वेगळी दिसतात. जॉब कार्डावर त्यासाठी रकाना करा आणि तो रिकामा असेल तर प्लेट काढू नका.

आयोजकांनी घड्याळ दाखवलं, तेव्हा वेगाचं भरभर सांगतो. जोडणी मेगाबिटमध्ये विकली जाते आणि फाईल मेगाबाइटमध्ये मोजतात, म्हणून आठाने भागा. अपलोडचा वेग २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट) असेल तर ४ जीबीला सत्तावीस मिनिटं, तीही सगळं सुरळीत चाललं तर. वायफायऐवजी केबल लावा.

परदेशी छपाईला पाठवताना अडतं ते अंतरामुळे. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोहोचवण्याची नेहमीची पद्धत, पोचपावतीची वाट पाहतं. खिडकी (पोचपावतीआधी पाठवता येणारा डेटा) ६४ केबीची आणि जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद असतील, तर १०० एमबीपीएसच्या जोडणीवरही एका प्रवाहात २.६ एमबीपीएसच मिळतात. खिडकी मोठी करण्याची सोय १९९२ पासून आहे, पण दोन्ही टोकांनी ती वापरायला हवी. नाहीतर तीन-चार समांतर प्रवाह लावा. नियमित मोठं काम असेल तर यूडीपीवर (पोचपावतीची वाट न पाहणाऱ्या पद्धतीवर) चालणाऱ्या अस्पेरासारख्या सेवांचा खर्च परवडतो. रोजच्या कामाला एसएफटीपी (एफटीपीसारखीच, पण सगळं सांकेतिक रूपात पाठवणारी पद्धत) पुरे: पासवर्ड उघडा जात नाही आणि तुटलेलं अपलोड जिथे थांबलं तिथून पुढे नेता येतं. मात्र तसं जोडलेल्या फाईलचा चेकसम जुळवल्याशिवाय ती रिपला देऊ नका.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. फाईलझिलाची सेटिंग बघायची असेल तर लॅपटॉप इथेच टेबलावर सुरू ठेवतो.