विक्रीला निघालेली ऑरेलिया

नमस्कार मंडळी. जुन्या गाडीची जाहिरात कशी वाचायची, एवढाच आजचा विषय आहे, आणि तोही एकाच गाडीच्या आधारानं. गाडी इटलीतल्या ट्यूरिनच्या लान्चा कंपनीची: ऑरेलिया बी २४ स्पायडर, म्हणजे दोघांसाठीची उघडी गाडी. १९५४-५५ मध्ये अशा फक्त २४० झाल्या. १८१ डाव्या स्टिअरिंगच्या, मुख्यतः अमेरिकेसाठी, म्हणून नावही ‘स्पायडर अमेरिका’. उरलेल्या ५९ उजव्या स्टिअरिंगच्या. इटलीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, मग उजवं स्टिअरिंग कसं, असं कोणी विचारेल. लान्चाला ते पहिल्यापासून प्रिय होतं, आणि ही कंपनी आपला हेका सहजासहजी सोडत नसे.

गाड्यांच्या बॉडी घडवणाऱ्या पिनिन फारिनाचं हे रूप पाहिलंत तर किंमत विचारायची इच्छा आपोआप होते. दोन्ही कडांनी वळत आलेली पुढची काच, मधून दुभंगलेला बंपर, आणि दाराला बाहेरून हँडलच नाही. आत हात घालून दार उघडायचं. वर-खाली होणारी काचही नाही, पावसात बाजूचे पडदे लावायचे. १९५६ पासून हँडल आणि काचा असलेली कन्व्हर्टिबल आली. ती रोजच्या वापराला कितीतरी सोयीची, आणि बाजारात तिला स्पायडरपेक्षा बरीच कमी किंमत येते. उत्तम स्पायडर लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेलेल्या आहेत.

तर जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘संपूर्ण रिस्टोअर केलेली’, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा नव्यासारखी केलेली. खाली पन्नास फोटो, सगळे चकचकीत. माझं म्हणणं असं, की हे पन्नास बाजूला ठेवा आणि गाडी उघडी पडलेली असतानाचे फोटो मागा. रंग खरवडलेला, पत्रा कापलेला, इंजिन बाहेर काढलेलं. झालेलं काम नव्या रंगाखाली दडतं; गाडीत जुनं काय उरलं, ते त्या उघड्या फोटोंतच कळतं.

ऑरेलियाच्या बाबतीत हे जास्तच खरं. तिला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; बॉडीच सगळा भार घेते. एका सांगाड्यातली अशी बॉडी लान्चानं १९२२ मध्येच लॅम्बडा गाडीत आणली होती. त्यामुळे दाराखालचा पट्टा गंजला, तर गाडीचा कणाच गेला. तो पट्टा कापण्याआधी दाराच्या मोकळ्या जागेत आडवे टेकू वेल्ड करावे लागतात. नाही केले तर मधोमध झोल बसतो, आणि मग दारं कितीही ठोकली तरी नीट लागत नाहीत. मिस्त्री मग दारालाच घासतो, फट पुट्टीनं भरतो, वर सुंदर रंग मारतो. टेकू लावलेला एक फोटो दिसला, तर मी त्या विक्रेत्याशी पुढे बोलेन.

आता इंजिन. १९५० मध्ये ऑरेलिया आली ती जगातलं पहिलं मोठ्या प्रमाणावर बनलेलं व्ही-६ इंजिन घेऊन, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन रांगांत सहा सिलिंडर. फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ यांनी साठ अंशांच्या कोनाचं गणित बसवलं. देखरेख व्हिटोरिओ यानो यांची. याच घराण्यातली दोन लिटरची बी २० घेऊन ब्राको हा चालक १९५१ च्या मिल्ले मिलिया या इटलीतल्या रस्त्यावरच्या शर्यतीत दुसरा आला. पुढे होती फक्त ४.१ लिटरची फेरारी. स्पायडरमध्ये हे इंजिन २,४५१ सीसीचं झालं. क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि मागचे ब्रेक हे सगळं मात्र मागच्या बाजूला, एकाच गठ्ठ्यात. वजन पुढे-मागे छान वाटलं जातं, पण क्लच मागे असल्यामुळे इंजिनाची ताकद मागे नेणारा लांबलचक दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, इंजिन चालू आहे तोवर इंजिनाच्याच वेगानं फिरत राहतो. शाफ्टचा तोल किंवा रबरी जोड जरा बिघडला की सगळी गाडी थरथरते. हे फोटोत दिसत नाही. गाडी चालवूनच बघावी लागते, आणि ‘चालवायला देत नाही’ म्हणणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

कागद वेगळे तपासा. चासी आणि इंजिनाचे क्रमांक, मूळ रंग, हे कंपनीच्या जुन्या नोंदींशी जुळवून पाहता येतं. इंजिन बदललेलं असणं हा गुन्हा नाही. सत्तर वर्षांत तसं होतं. ते लपवलं तर गोष्ट वेगळी.

आणि एक शंका नेहमी येते: मग रिस्टोअर करूच नये का? करावी, गंजून पडलेली गाडी आणखी काय करणार? पण जुन्या देवळाच्या कोरीव दगडावर ऑइलपेंट फासलेला आपण पाहिलेला आहे. तसं काहीसं गाड्यांचंही होतं. पिनिन फारिनाच्या कारागिरांनी पत्रा हातानं ठोकला. डावी-उजवी बाजू मिलिमीटरला मिलिमीटर जुळत नसे. आज मोजून सारख्या केलेल्या फटी आणि आरशासारखं क्रोम पाहिलं, की ही गाडी १९५५ मध्ये कधीच अशी नव्हती हे कळतं. बरेच ग्राहक त्यासाठीच पैसे मोजतात, त्यांचा तो हक्क आहे.

वारं मात्र बदलतंय. २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात एक फेरारी २५० कॅलिफोर्निया स्पायडर आली होती. फ्रान्समधल्या एका शेडमध्ये जुन्या मासिकांच्या ढिगाखाली वर्षानुवर्षं पडलेली, धुळीसकट. तिला एक कोटी साठ लाख युरोंहून जास्त मिळाले. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पहिला मान १९३४ च्या एका बुगाटी टाइप ५९ ला गेला. रिस्टोअर न केलेली गाडी तिथे सर्वोत्कृष्ट ठरण्याची ही पहिलीच वेळ. बेल्जियमच्या राजा लिओपोल्ड तिसऱ्याकडे ती एके काळी होती, आणि तिचा काळा रंग जागोजागी उडालेला आहे.

म्हणून ऑरेलियाच्या विक्रेत्याला मी आणखी एक गोष्ट विचारतो: काढलेले जुने भाग कुठे आहेत? चांगला रिस्टोअरर फाटलेलं चामडं, घड्याळाची तडकलेली काच, बदललेले पाइप, सगळं खोक्यात भरून गाडीबरोबर देतो. खोकं असेल तर सौदा करताना घासाघीस थोडी कमी करा.