फुकटचा पॉइंट: रेक्याविक, एलिस्टा आणि आपलं भुसावळ

नमस्कार मंडळी. बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसतोय, पण आज ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, शिकवणार नाहीये. आज एका पॉइंटबद्दल बोलायचंय. समोरचा खेळायलाच आला नाही म्हणून जो मिळतो, तो पॉइंट. वॉकओव्हर. जळगाव असो, धुळे असो, शिरपूर असो, मंगल कार्यालयात स्पर्धा भरली की त्यावरून एखादं भांडण ठरलेलंच. बहुतेक वेळा भांडतात ते खेळणारे नसतात, पालक असतात.

आता जरा लांब जाऊ. आइसलँड, रेक्याविक, जुलै १९७२. जगज्जेतेपदाची लढत. एका बाजूला सोव्हिएत संघाचा जगज्जेता बोरिस स्पास्की, समोर अमेरिकेचा बॉबी फिशर. एकूण २४ डावांची लढत. पहिला डाव फिशर हरला. बरोबरीकडे चाललेल्या डावात त्याने उंटाने h2 (अक्षर-आकडा म्हणजे पटावरच्या घराचं नाव) वरचं प्यादं खाल्लं आणि उंट तिथेच अडकला. आपल्या क्लासमधलं पोरगं असं खेळलं असतं तर मी कान धरला असता.

त्यानंतर फिशरचं सुरू झालं, कॅमेरे नकोत. हॉलमध्ये चित्रीकरण चालू होतं, त्याचा त्रास होतो म्हणाला. कॅमेरे हटेनात, तर दुसऱ्या डावाला तो आलाच नाही. मुख्य पंच होते जर्मनीचे लोथार श्मिड. त्यांनी घड्याळ सुरू केलं, तासभर वाट पाहिली आणि डाव स्पास्कीला दिला. २-०.

आता स्पास्कीच्या खुर्चीत बसून बघा. तुम्ही २-० पुढे आहात. लढत १२-१२ अशी सुटली तरी किताब तुमच्याकडेच राहणार आहे. या लढतीआधी फिशरने तुम्हाला एकदाही हरवलेलं नाही. पाच डावांत तीन तुम्ही जिंकलेत, दोन बरोबरीत. फिशर घरी जायच्या तयारीत आहे. मॉस्कोतून दबाव येतोय की पुरे झाले याचे नखरे, परत या. तुम्ही नुसतं ‘नाही’ म्हणायचंय. नियम तुमच्या बाजूने आहेत, तुम्हाला कुणी नाव ठेवणार नाही.

फिशरची मागणी होती की तिसरा डाव स्टेजवर नको, मागच्या एका छोट्या खोलीत खेळू. टेबल टेनिसची खोली होती ती. स्पास्की ‘चालेल’ म्हणाला.

खोलीत गेल्यावरही फिशर कॅमेरा शोधत फिरत होता, आवाज चढले, आता स्पास्कीच उठून जातो की काय अशी वेळ आली. शेवटी श्मिडनी दोघांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, आता खेळा. (पट जवळून दाखवणे: काळा घोडा h5 वर.) इथे अकराव्या चालीला फिशरने हा घोडा असा काठावर आणून ठेवला. काठावरचा घोडा वाईट, हे आपण पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. त्यात पांढऱ्याने उंटाने तो मारला की राजासमोरची काळ्या प्याद्यांची रांग मोडते. स्पास्कीने मारला, रांग मोडली, आणि तरीही डाव फिशर जिंकला. स्पास्कीविरुद्धचा त्याचा पहिला विजय. पुढे लढत संपली १२.५-८.५ अशी. म्हणजे २-० नंतरच्या १९ डावांत स्पास्कीला मिळाले साडेसहा.

तेव्हापासून आजपर्यंत लोक म्हणतात, स्पास्की तिथेच चुकला. मला ते अर्धंच पटतं. हिशेबाने चुकला, मान्य. पण तो काही भोळाभाबडा नव्हता. त्याला जगातल्या सगळ्यात तगड्या माणसाशी खेळायचं होतं, आणि तो माणूस विमानतळावर निघून गेला असता तर काय उरणार होतं? एका डावाचा विजय आणि एका डावाची पावती. सहाव्या डावात फिशर वजिराच्या बाजूची ओपनिंग खेळला, त्याच्या नेहमीच्या सवयीविरुद्ध, आणि इतका सुंदर जिंकला की प्रेक्षकांबरोबर स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. हरलेला माणूस, स्टेजवर उभा राहून.

लगेच त्याला संत करू नका हं. पुढे स्पास्कीच्याच गोटातून तक्रार गेली की फिशरच्या खुर्चीत किंवा वरच्या दिव्यांत काहीतरी यंत्र बसवलंय, त्याने आमच्या माणसावर परिणाम होतोय. खुर्च्यांचे एक्स-रे काढले. दिवे उघडले. दिव्यात सापडल्या दोन मेलेल्या माश्या. आपल्याकडे पावसाळ्यात ट्यूबलाइट उघडली तर अख्खी टीम निघेल!

बरं, आता भुसावळ. काही वर्षांपूर्वीची मुलांची स्पर्धा. भुसावळ म्हणजे जंक्शन, पोरं रेल्वेनेच येणार. सुरत लाइनची गाडी लेट झाली आणि नंदुरबारचा एक मुलगा पहिल्या फेरीला पोचेना. त्या स्पर्धेत उशिराची मुदत होती १५ मिनिटं. समोर यावलची एक मुलगी, दहा-अकरा वर्षांची. तिने चाली लिहायच्या कागदावर दोघांची नावं लिहिली होती, पेनचं टोपण मागे लावलं होतं, पांढरा घोडा हातात घेऊन परत जागेवर ठेवायची, तोंड दाराकडे. मुदत संपली, पंचांनी घड्याळ थांबवलं, आणि थोड्याच वेळात तो मुलगा धापा टाकत दारात, पाठीवर दप्तर तसंच.

मुलगी म्हणाली, “सर, आला ना तो, खेळू का?”

आता इथे नियम काय सांगतो ते नीट ऐका, कारण निम्म्या लोकांना तो अर्धाच माहीत असतो. फिडे म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना. तिच्या नियमात लिहिलंय की मुदत उलटल्यावर पटावर आलेला खेळाडू डाव हरतो, पंचांनी वेगळा निर्णय दिला तर गोष्ट वेगळी. हा दुसरा भाग कुणी वाचतच नाही. म्हणजे पंचांच्या हातात थोडी जागा असते. गाडी लेट होती हे सगळ्यांना दिसत होतं. पंचांनी मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. वडील काही बोलायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, “नियम म्हंजे नियम, भो!” वडिलांनी मान डोलावली. पॉइंट मुलीला.

वडिलांना मी दोष देत नाही. यावलहून सकाळी उठून आलेत, फी भरलीय, मुलीला पॉइंट मिळतोय, कोण सोडेल? आणि वॉकओव्हर घेणं ही काही लबाडी नाही. पण महिन्याभराने तेच मला विचारायला आले, “सर, पहिल्या फेरीत जिंकली, मग रेटिंगमध्ये तो डाव दिसत का नाही?” काका, दिसणारच नाही. जो डाव खेळलाच गेला नाही, तो फिडे रेटिंगमध्ये, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यात, मोजत नाही. स्पर्धेच्या तक्त्यावर एक पॉइंट, बाकी शून्य. पोरीचा एक डाव गेला. फी डाव खेळायची भरली होती ना?

अशीच गोष्ट जगज्जेतेपदाच्या लढतीत परत घडली, २००६ साली, रशियातल्या काल्मिकियात, एलिस्टाला. रशियाचा व्लादिमिर क्रामनिक विरुद्ध बल्गेरियाचा वेसेलिन टोपालोव. तेव्हा जगज्जेते दोन होते, आणि ही लढत एकच कोण ते ठरवायला होती. चार डावांनंतर क्रामनिक ३-१ पुढे. मग टोपालोवच्या मॅनेजरने तक्रार केली की क्रामनिक सारखा बाथरूमला जातो. विश्रांतीच्या खोलीत कॅमेरे होते, बाथरूममध्ये अर्थातच नव्हते, म्हणून संशय. तो एका डावात ५० पेक्षा जास्त वेळा गेला असा आकडाही दिला. आयोजकांनी तो फुगवलेला आहे असं सांगितलं. पुरावा काही नव्हता. तरी अपील समितीने दोघांची स्वतंत्र बाथरूमं बंद करून एकच सामाईक उघडली.

पाचव्या डावाच्या दिवशी क्रामनिक आपल्या खोलीत, कुलूप लावलेल्या बाथरूमसमोर बसून राहिला. हे उघडा, मग खेळतो. टोपालोव पटासमोर. घड्याळ चालू. तास संपला, डाव टोपालोवला. ३-२.

दोघांच्या हातात एकसारखी गोष्ट आली होती बघा. स्पास्कीलाही न खेळता पॉइंट मिळाला, टोपालोवलाही. पॉइंट स्पास्कीनेही परत केला नाही, तो त्याच्या खात्यात राहिलाच. फरक पुढच्या पावलात आहे. एकाने समोरच्याला पटावर आणण्यासाठी स्वतःची सोय सोडली. दुसऱ्याच्या गोटाने आधी समोरच्याला पटावरून उठवायची तजवीज केली. माझ्या मते खिलाडूवृत्ती तपासायची तर ती इथे तपासावी. हस्तांदोलन किती घट्ट केलं यात नाही.

एलिस्टात पुढे अपील समितीची माणसं बदलली, बाथरूम उघडलं, क्रामनिक निषेध नोंदवून खेळायला बसला. बारा डावांनंतर ६-६. तो पॉइंट नसता तर क्रामनिक आधीच जिंकला होता. मग जलद डाव झाले आणि क्रामनिक २.५-१.५ ने जिंकला. आणि हाच क्रामनिक, ज्याच्यावर पुराव्याविना संशय घेतला गेला, तो अलीकडच्या वर्षांत ऑनलाइन खेळणाऱ्या एकामागून एक खेळाडूंकडे बोट दाखवत फिरला. काय बोलणार!

एक छोटी गोष्ट मध्येच. २००८, नेदरलँड्समधल्या विक आन झेची स्पर्धा. इंग्लंडच्या नायजेल शॉर्टने हात पुढे केला, बल्गेरियाच्या चेपारिनोवने तो मिळवला नाही. पंचांनी डाव शॉर्टला दिला. अपील झालं, निर्णय फिरला, चेपारिनोवने माफी मागून डाव खेळायचा असं ठरलं. शॉर्ट चिडला होता, पण बसला आणि खेळून जिंकला. तोच पॉइंट, पण या वेळी रेटिंगसकट.

आता तुम्ही म्हणाल, सर, मग आपल्या गुकेशलाही जगज्जेतेपदाचा शेवटचा पॉइंट फुकटच मिळाला की! हे मला क्लासच्या दारात ऐकवलं गेलंय, म्हणून पटावर दाखवतो.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. चौदावा, शेवटचा डाव. गुण ६.५-६.५. पांढरी चीनच्या डिंग लिरेनकडे, काळी गुकेशकडे. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. बरोबरी होणार असं सगळे धरून चालले होते. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती f2 वर आणला, हत्तीला हत्ती. मारामारी झाली. आणि हे बघा, डिंगचा उंट कुठे आहे? a8 च्या कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरपी वाट असते. गुकेशने त्याच वाटेवर, d5 ला, आपला उंट आणून ठेवला. आता b7 ला जा नाहीतर c6 ला, वाट तीच. उंटाउंटी टळत नाही. ती झाली की उरतात फक्त राजे आणि प्यादी, आणि तिथे जास्तीचं प्यादं डाव जिंकून देतं. ५८ व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

लगेच रशियन बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष आंद्रेई फिलातोव यांनी संशय व्यक्त केला की डिंग मुद्दाम हरला, फिडेने चौकशी करावी. फिडेचे अध्यक्ष द्वोरकोविच यांनी तो उडवून लावला. खेळात चुका होणारच, चुका नसत्या तर फुटबॉलमध्ये गोलही झाले नसते, असं ते म्हणाले.

मी त्यांच्याच बाजूचा आहे. हा पॉइंट फुकटचा नाही. गुकेश बरोबरी घेऊन जलद डावांवर जाऊ शकला असता, तरी एका प्याद्यावर तासन् तास बसून राहिला आणि समोरच्याला दर चालीला अचूक उत्तर शोधायला लावलं. चूक डिंगची, पण ती घडेपर्यंत पटावर थांबण्याची मेहनत गुकेशची. डिंगने पत्रकारांसमोर सबब सांगितली नाही. हा निकाल योग्यच आहे, मला खंत नाही, असं म्हणाला. गुकेशनेही पहिल्यांदा त्याचंच कौतुक केलं, तो खरा जगज्जेता आहे म्हणाला. आणि त्याआधी, डोळे पुसत पुसत, त्याने पटावरची सगळी मोहरी पुन्हा आपापल्या घरात लावली होती.

तर पालकांनो, पुढच्या स्पर्धेत पंचांच्या टेबलाकडे धावायच्या आधी पोराला एकदा विचारा, तुला खेळायचंय का. तक्रार असेलच तर ती पोराने करायची, हात वर करून, घड्याळ थांबवून. तुम्ही दाराबाहेर चहा घ्या.

पुढच्या भागात १९७८ चं फिलिपाइन्समधलं बागियो, जगज्जेता कार्पोव विरुद्ध आव्हानवीर कोर्चनॉय. कार्पोवला मधेच दही दिलं म्हणून कोर्चनॉयच्या गोटाने तक्रार केली होती, दह्यातून काही खूण तर पाठवत नाहीत ना! तो सगळा किस्सा शुक्रवारी.