हेली, मी आणि डब्याचं झाकण

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेय आणि तुमच्या कार्यकारिणीने 'काकू, वाचनावर काहीतरी बोला' म्हणत मला इथं उभं केलंय. मी काही समीक्षक नाही. करवीर नगर वाचन मंदिराची जुनी सभासद, एवढीच माझी पदवी. 1850 सालचं ग्रंथालय ते. आमच्या घरात तीन पिढ्या तिथली पुस्तकं वाचतायत आणि उशिराचा दंडही तीन पिढ्या भरतायत.

बोलायचंय ते माझ्या पंधरा वर्षांच्या नातीच्या पुस्तकांबद्दल. 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात ती. आमच्या वेळी फास्टर फेणे संपला की थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधल्या वयाला हाताशी फारसं काही नसायचं. फुरसुंगीचा बन्या सायकलवर टांग टाकून सुटला की मी मनातल्या मनात त्याला उतरवून स्वतः बसायची. तो मुलगा, मी मुलगी, याची अडचण कधी वाटली नाही. वाचणाऱ्याला खोडच असते, नायकाची सीट धरायची.

गेल्या मे महिन्यात नात कोल्हापूरला आली आणि जाताना एक पुस्तक माझ्या उशाशी विसरून गेली. 'द हेट यू गिव्ह', अँजी थॉमस, 2017. डिक्शनरी मांडीवर घेऊन गच्चीत बसून मी ते वाचलं. सोळा वर्षांची स्टार, काळी मुलगी. राहते गरीब काळ्यांच्या वस्तीत, शिकते लांबच्या गोऱ्यांच्या श्रीमंत शाळेत. तिच्या डोळ्यांसमोर तिचा लहानपणचा मित्र खलील पोलिसाच्या गोळीने मरतो. त्याच्याजवळ असतो केसांचा ब्रश. पोलिसाला ती बंदूक वाटते.

ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि खाली जाऊन उगाच दूध तापवलं.

पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. स्टार शाळेत एक भाषा बोलते आणि वस्तीत दुसरी. शाळेच्या दारात ती स्वतःची जीभ तपासूनच आत शिरते. हे मला कुणी समजावून सांगायला नको! आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. मी अठराव्या वर्षी पुण्यात हॉस्टेलला गेले. पहिल्याच रात्री म्हणाले, 'थांबा, मी पण आलो,' आणि खोलीतल्या तिघी पोट धरून हसल्या. आठवड्याभरात माझं 'आलो' गेलं, 'आले' आलं. आजही बघा, तुमच्यासमोर मी 'आले-गेले' करतेय. बहिणीचा फोन येऊ द्या, मग ऐका. तर ही पोर आपलीच, असं म्हणून मी स्टारच्या सीटवर आरामात बसले.

आणि मग हेली आली.

हेली ही स्टारची गोरी मैत्रीण. बास्केटबॉल खेळताना ती स्टारला म्हणते, चेंडू म्हणजे फ्राइड चिकन आहे असं समज, मग बघ कशी धावशील. काळ्या माणसांना फ्राइड चिकनवरून चिडवायची ही अमेरिकेतली जुनी खोड. स्टार दुखावते. हेलीला कळतच नाही. जेवणात त्या दिवशी तेच होतं म्हणून म्हटलं, तू उगाच काय वाढवतेस, असा तिचा सूर.

आता 1975 सालची गोष्ट सांगते. मी नववीत. वर्गातली एक मैत्रीण, नाव सांगत नाही, अभ्यासात माझ्यापुढे. आम्ही एकाच बाकावर डबा खायचो. त्या दिवशी इतिहासाच्या तासाला शाहू महाराज होते. 26 जुलै 1902 चा जाहीरनामा, मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखीव. दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा प्यायचे, ही गोष्ट तर कोल्हापूरच्या पोरांना तोंडपाठ. मलाही होती. तास संपला, मधली सुट्टी झाली आणि मी डबा उघडता उघडता तिला म्हणाले, 'तुझं बरंय बाई, तुला फी नाही.'

तिनं डब्याचं झाकण परत लावलं. पितळेचा डबा होता. टक्कन आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या बाकावर. मी आईला सांगितलं, ती उगाच रुसलीय, मी चेष्टेत म्हणाले. अगदी हेलीचंच वाक्य!

इतकी वर्षं पुस्तकं वाचली, दर वेळी सोसणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसले, डोळे पुसले. दुसऱ्या बाजूच्या सीटवर माझं नाव लिहिलेलं असेल, हे पहिल्यांदा दिसलं ते पोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकात, चौसष्टाव्या वर्षी.

या प्रकारातलं सगळंच मला पटतं असं नाही. नातीने आणखी चार-पाच दिली. त्यातल्या दोनांत लेखक नागरिकशास्त्राचा पेपर काढल्यासारखा: एक अमुक धर्माचा, एक तमुक देशाचा, सगळे समजूतदार. दमले मी. जीन लुएन यांगचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' मात्र चित्रांचं असूनही चटका लावतं. 2006 चं आहे. त्यात नव्या शाळेत बाई जिनचं नाव चुकीचं घेतात, हा चीनहून आलाय असं वर्गाला सांगतात. पोरगं बिचारं पुटपुटतं, सॅन फ्रान्सिस्को. इथं पुढच्या रांगेतली मुलं हसतायत. तुमच्या नावांचं काय काय होतं, ते मगाशी चहाच्या वेळी ऐकलंय मी.

नातीला मी डब्याची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, 'मग आजी, तू सॉरी कधी म्हणालीस?'

म्हणाले नाही. आमच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात तिचा नंबर आहे. रोज सकाळी फुलांचे फोटो येतात, ती अंगठा दाखवते, मीही दाखवते. परत गेल्यावर फोन लावायचा असं इथं येताना विमानात ठरवलंय. आता एकच अडलंय. तिनं उचलला, तर 'मी बोलतेय' म्हणायचं, की तिच्या ओळखीचं 'मी बोलालोय'?