एकाच वाटेचा समुद्र

[समुद्रातलं जहाज, वाळूची उंच कमान]

ही वाळू वाळवंटातली नाही. दुबईच्या मागे वाळवंट पसरलेलं आहे, तरीही. वाऱ्याने घासून गोल झालेले ते कण एकमेकांना धरत नाहीत, भराव ढासळतो. म्हणून पाम जुमेरा या खजुराच्या झाडाच्या आकाराच्या कृत्रिम बेटासाठी वाळू उपसली ती पर्शियन आखाताच्या तळातूनच.

हे जहाज म्हणजे ड्रेजर. लांब नळी तळाला टेकवून ते वाळू आणि पाणी एकदमच ओढून घेतं. टाकी भरली की ठरलेल्या जागी येतं आणि पुढच्या नळातून असा फवारा सोडतं. वाळू कुठे पडायला हवी हे उपग्रहाच्या मदतीने ठरतं, त्यामुळे झावळीचा आकार चुकत नाही. 2001 मध्ये काम सुरू झालं. सुमारे 9 कोटी 40 लाख घनमीटर वाळू अशी ओतली गेली. मग तिच्यात खोलवर यंत्रं खुपसून, कंप देऊन ती घट्ट बसवली, तेव्हा कुठे वर इमारती उभ्या राहिल्या.

[आकाशातून : खोड, झावळ्या, भोवतीची भिंत]

बाहेरची ही चंद्रकोर 11 किलोमीटर लांब आहे. 70 लाख टन दगड त्यात गेला. तिने लाटा अडवल्या, आणि पाण्याचं येणं-जाणंही अडवलं. आतलं पाणी साचू लागलं, तेव्हा भिंतीत दोन्ही बाजूंना वाटा सोडाव्या लागल्या.

[नकाशा : होर्मुझची सामुद्रधुनी]

अख्ख्या आखाताला मात्र एकच वाट आहे. होर्मुझ, सगळ्यात अरुंद जागी चाळीसेक किलोमीटर. आत सरासरी खोली अवघी 35 मीटर. पाऊस आणि नद्या मिळून जेवढं गोडं पाणी आणतात, त्याहून कितीतरी जास्त पाणी उन्हात उडून जातं. मागे मीठ उरतं. ते खारट, जड झालेलं पाणी तळाला बसून होर्मुझमधून बाहेर सरकतं आणि ओमानच्या आखातातलं हलकं पाणी वरून आत येतं. ही अदलाबदल सावकाश होते, तिला वर्षं लागतात. इथे पाण्यात मिसळलेला गाळ, सांडपाणी, मीठ लवकर निघून जात नाही.

[पाण्याखाली : प्रवाळ]

आखाताचा जिवंतपणा उथळ पट्ट्यात आहे. जिथे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, तिथेच. आणि भराव टाकायला स्वस्त पडतो तोही हाच पट्टा. इथले प्रवाळ उन्हाळ्यात 35 अंशांचं पाणी सोसतात. इतकं सोसणारे प्रवाळ जगात दुसरीकडे क्वचितच असतील. त्यांच्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडावर अन्न करतं. ड्रेजरने ढवळलेला गाळ बसला की तो उजेडच तुटतो. दुबईतल्याच जेबेल अलीजवळ अशाच दुसऱ्या पाम बेटाच्या भरावाखाली प्रवाळ गाडले गेले. 2017 च्या उन्हाळ्यात, नुसत्या तापलेल्या पाण्यानेच, अबुधाबीच्या किनाऱ्यालगतचे बहुतेक जिवंत प्रवाळ मेले.

[ड्रोन : गवतावर चरणारे डुगाँग]

हे डुगाँग, समुद्रात राहणारे सस्तन प्राणी. ऑस्ट्रेलियाखालोखाल सगळ्यात जास्त डुगाँग याच आखातात आहेत, आणि ते समुद्रगवतावर जगतात. उथळ तळावर उगवणारं हे गवत खोल पाण्यात हलवून लावता येईल असं नाही. ते राखायचं तर तळ राखायला हवा, तोही आधी, भराव पडायच्या आत.

[किनाऱ्यावरचे निःक्षारीकरण प्रकल्प]

या किनाऱ्यावरची शहरं याच समुद्राचं पाणी गोडं करून पितात आणि उरलेलं दाट खारं, कोमट पाणी परत त्यातच सोडतात. 2008-09 मध्ये शैवालाने आखाताचं पाणी लालसर झालं, मासे मेले, आणि काही प्रकल्पांना पाणी ओढणं बंद करावं लागलं.