छताला पाय, खाली डोकं

नमस्कार श्रोतेहो.

जिथे बसला असाल तिथून जरा वर बघा. छतावर एखादी माशी असेल, तर तिचे पाय वर आहेत, पाठ खाली आहे आणि ती मजेत चालतेय. ती पडत का नाही?

कुणी म्हणतं, तिच्या पायाला डिंक असतो. पण नुसता डिंक असता तर दुसरं पाऊल कसं उचललं असतं? कुणी म्हणतं, पाय हवा ओढून धरतात. 1830 च्या सुमारास जॉन ब्लॅकवॉल या इंग्रज निसर्गअभ्यासकाने काचेच्या हंडीतली हवा पंपाने काढून पाहिली. कीटक तरीही काचेला धरून राहिले. म्हणजे हवेचं काम नव्हे.

मग कशाचं? मला ते एका मुंगळ्याने दाखवलं.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. आजोबांकडे पितळी मुठीचं एक भिंग होतं. एका दुपारी त्यांनी काचेचा पेला पुसून लख्ख केला, त्यात एक मोठा काळा मुंगळा सोडला आणि वर काचेची चकती ठेवली. मुंगळा सरसर चढला, चकतीपाशी पोचला आणि तिच्या खालून उलटा चालायला लागला. मी भिंग चकतीवर धरलं. आता त्याचे तळवे थेट माझ्या डोळ्यांसमोर! पायाच्या टोकाला दोन नखं. नखं काचेवरून घसरायची, मागे ओढली जायची, आणि लगेच त्यांच्या मधून एक फिकट ठिपका फुलून काचेला टेकायचा. पाय उचलताना तो ठिपका कडेकडून सुटायचा आणि मिटून जायचा. फुलला, टेकला, सुटला, मिटला. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे.

मग आजोबांनी चकती काढली आणि कापसाने पेल्याला आतून अंगाची पावडर फासली. मुंगळा दोन पावलं चढला की घसरायचा. पुन्हा चढला, पुन्हा तळाशी. मला रडू यायला लागलं. "आजोबा, सोडा ना त्याला!" ते म्हणाले, "बोलू नकोस. बघ."

त्यांनी ओला अंगठा पेल्यात घातला आणि तळापासून काठापर्यंत एक स्वच्छ पट्टी ओढली. मुंगळा तळाशी गोल गोल फिरत होता. त्याच्या मिशा त्या पट्टीला लागल्या मात्र, तो थांबला आणि चढायला लागला. एखादा पाय पावडरीत पडला की सटकायचा, की लगेच तो पाय आत घ्यायचा. त्या अंगठ्याएवढ्या वाटेने तो सरळ वर आला.

माझं ठाम मत आहे, मुलाच्या हातात पहिलं यंत्र द्यायचं ते भिंग. दुर्बीण वगैरे नंतर. फळ्यावर कीटकाचं सुबक चित्र काढून सहा पाय मोजायला लावण्यापेक्षा एक जिवंत मुंगी पाच मिनिटं बघू द्या आणि मग तिला सोडून द्या.

तो फुलणारा ठिपका म्हणजे पायाची मऊ गादी. तर, खरबरीत जागेवर नखं, गुळगुळीत जागेवर गादी. पुन्हा सांगतो: खरबरीत जागेवर नखं, गुळगुळीत जागेवर गादी. मुंग्या आणि मधमाश्यांमध्ये दोन्ही एकाच स्नायुबंधावर, म्हणजे स्नायूला जोडलेल्या दोरीवर, चालतात. तो ओढला की नखं रुततात. रुतायला काही मिळालं नाही, तर नखं मागे जातात आणि मधली गादी उलगडते. गादीवर द्रवाचा अगदी पातळ थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींना कशा धरून ठेवतात, तसंच. माशीच्या प्रत्येक पायाला अशा दोन गाद्या, आणि त्यांच्यावर दाट बारीक केस, टोकं ओलसर. पावडरीचे कण मध्ये आले की गादी काचेला टेकतच नाही.

आणि सुटणं? चिकटपट्टी आठवा. सपाट ओढली तर हलत नाही, कोपऱ्यातून सोलली की निघते. कीटक पाय असाच सोलून काढतात.

लहान असण्याचाही फायदा आहे. शरीर दुप्पट लांब झालं तर तळवा चौपट होतो, पण वजन आठपट. म्हणून पानं जोडून घरटी करणारी लाल मुंगी काचेला उलटी लटकून स्वतःच्या शंभरपट वजन पेलू शकते. पाल मात्र कीटक नाही, तिचे तळवे कोरडे असतात. ती गोष्ट वेगळी.

माशी सारखी पाय चोळते ना, त्यात ती तळवेही साफ करत असते. आमचा मुंगळाही काठावर पोचला तेव्हा पळाला नाही. तिथेच थांबून त्याने एकेक पाय साफ केला. आजोबा आणि मी श्वास रोखून बघत होतो. सगळी पावडर निघाली, तेव्हा तो पेल्याच्या बाहेरच्या काचेवरून, डोकं खाली करून, सरळ उतरला आणि दाराच्या फटीतून निघून गेला.