सोडत आणि सातत्य: महिला नेतृत्वाचा अडलेला जिना

(नाशिक येथील एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि नाशिककर श्रोतेहो,

पत्रिकेवर माझा विषय ‘विधिमंडळात एक तृतीयांश महिला: तयारी कशी करावी’ असा छापला आहे आणि तिथपर्यंत मी येणार आहे. परंतु त्यासाठी आधी एका जुन्या गोष्टीकडे जावे लागेल. ती याच जिल्ह्यात घडली, आणि तिची आठवण आपण जेवढी ठेवायला हवी होती तेवढी ठेवलेली नाही.

महिलांच्या राजकीय सहभागाची चर्चा निघाली की आपण स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना राखीव जागा देणाऱ्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीपासून सुरुवात करतो, जणू 1993 पूर्वी या देशातल्या बायकांनी सत्तेतला वाटा मागितलाच नव्हता. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या त्या तालुक्याच्या गावी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून शेतकरी स्त्रिया प्रचंड संख्येने जमल्या. यातल्या बहुतेक जणींच्या नावावर सातबारा नव्हता आणि शेतात दिवसभर राबूनही सरकारदरबारी त्यांची गणना शेतकरी म्हणून होत नव्हती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतमालाच्या भावाचा प्रश्न ऐरणीवर आणला होता. चांदवडला त्या चळवळीतल्या स्त्रिया स्वतःच्या जगण्याचा प्रश्न घेऊन एकत्र बसल्या. त्यांच्यासमोर जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका होत्या, आणि तिथे सगळ्या जागांवर महिलाच उभ्या करायच्या असा विचार पुढे आला. तीस टक्के, तेहतीस टक्के किंवा निम्म्या जागा अशी मागणीच तिथे नव्हती.

त्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या, आणि माझ्या मते तिथेच एका पिढीची संधी हुकली. तरीही 1989 मध्ये काही गावांत संपूर्ण महिलांची पॅनेल ग्रामपंचायतीसाठी उभी राहिली आणि निवडून आली. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे त्यांपैकी एक गाव. पाठोपाठ लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करून दिला. जमीन आणि सत्ता यांचे नाते त्या स्त्रियांना नेमके उमगले होते. 1990 मध्ये महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी तीस टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा केंद्राची घटनादुरुस्ती व्हायची होती. पुढे घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा आल्या आणि 2011 मध्ये आपल्या राज्याने ते प्रमाण पन्नास टक्क्यांवर नेले. हे सगळे मी विस्ताराने सांगते आहे, कारण आरक्षण हे वरून मिळालेले दान आहे असा समज अजूनही भाषणांतून पसरवला जातो. त्याच्यामागे चांदवडच्या शिवारात जमलेल्या बायकांची मागणी आहे आणि ती मागणी हक्काची होती.

आता आजच्या काळाकडे येऊ. या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांना आपल्या प्रभागातून निवडून आलेल्या नगरसेविकांची पूर्ण नावे सांगता येतील? कृपया हात वर करा. फारच थोडे हात वर आले आहेत. त्यांच्या पतींची नावे विचारली असती, तर याहून बरेच अधिक हात वर आले असते. चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर निवडून आलेल्या बाईंच्या शेजारी, कित्येकदा त्यांच्याहून मोठ्या आकारात, पतीचा किंवा दिराचा फोटो असतो. ग्रामपंचायतीत तर सरपंचपती हे जणू एक स्वतंत्र पदच झाले आहे. मला याचे दुःख होते, पण यावरून ‘बायकांना राजकारण जमत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी एक प्रश्न विचारते: आयुष्यात पहिल्यांदा पंचायतीच्या कार्यालयात पाऊल ठेवणाऱ्या व्यक्तीला आपण शिकण्यासाठी किती वर्षे देतो?

उत्तर आहे पाच वर्षे. त्यानंतर सोडत निघते, एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून चिठ्ठी उचलली जाते आणि ती जागा खुली होते. सरपंचपद असो, जिल्हा परिषदेचा गट असो की पंचायत समितीचा गण, आरक्षण फिरते असल्यामुळे नेमकी अंदाजपत्रक वाचता येऊ लागलेली, गटविकास अधिकाऱ्याला प्रश्न विचारू लागलेली, मासिक सभेत पतीला बाहेर थांबायला सांगण्याइतकी ठाम झालेली बाई घरी परतते. पुढच्या खेपेस शेजारच्या गटातली दुसरी बाई नव्याने पहिल्या इयत्तेत बसते. फिरत्या आरक्षणाचा हेतू सर्व भागांना संधी मिळावी हा आहे आणि तो रास्त आहे. पण त्याचा वेग असा आहे की नेतृत्व मुरायला वेळच मिळत नाही. हीच माझी अनेक वर्षांची तक्रार आहे.

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे पंधरा मतदारसंघ आहेत. 2024 च्या निवडणुकीत त्यांतून तीन महिला आमदार झाल्या: नाशिक मध्यमधून देवयानी फरांदे, नाशिक पश्चिममधून सीमा हिरे आणि देवळालीतून सरोज अहिरे. यांपैकी एकही जागा महिलांसाठी राखीव नव्हती. आता हे पाहा की या तिघीही आधी नाशिक महापालिकेत नगरसेविका होत्या. महापालिकेत बहुसदस्य प्रभागांमुळे जवळजवळ प्रत्येक प्रभागात प्रत्येक वेळी महिलेची जागा असते. चिठ्ठीने प्रवर्ग बदलतो, पण त्या भागातली बाई राजकारणातून सरसकट बाहेर फेकली जात नाही. ग्रामीण गटांत मात्र तसे होते. उरलेल्या बारा मतदारसंघांत आज एकही महिला आमदार नाही, यामागे हे एक मोठे कारण आहे असे माझे अनुमान आहे. जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वापासून दिंडोरीच्या खासदारकीपर्यंत आणि केंद्रीय राज्यमंत्रिपदापर्यंत गेलेल्या भारती पवार यांच्यासारखे उदाहरण आहे, परंतु ते विरळा आहे.

सरोज अहिरे यांचा उल्लेख झालाच आहे, तर डिसेंबर 2022 ची आठवण सांगायलाच हवी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला त्या अवघ्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या आणि त्यानंतर तिथे हिरकणी कक्षाची सोय झाली. राज्य स्थापन होऊन साठहून अधिक वर्षे लोटली होती. विधिमंडळाच्या कामकाजाची रचना कोणाला डोळ्यांसमोर ठेवून झाली, हे त्या एका प्रसंगाने दाखवून दिले.

महापालिकेची गोष्ट आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. मार्च 2022 मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जिल्हा परिषदेचेही तेच झाले. महापालिकेच्या 122 जागांपैकी निम्म्या, म्हणजे 61 जागा महिलांच्या होत्या. निवडणुका लांबल्या की नुकसान सर्वांचेच होते, पण ज्यांच्याकडे साखर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था किंवा पक्षाचे पद नाही त्यांचे सर्वाधिक होते. बहुतेक महिलांना सार्वजनिक जीवनात यायला हा एकच जिना होता आणि तो वर्षानुवर्षे बंद राहिला.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा पत्रिकेवरचा विषय मला आता झपाट्याने मांडावा लागेल.

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या, मात्र कायदा संमत करतानाच जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना यांची अट घातली. राज्यसभा आणि विधान परिषद त्यातून वगळलेल्या आहेत. महाराष्ट्राच्या 288 जागांवर एक तृतीयांश म्हणजे 96 महिला. 2024 मध्ये निवडून आल्या 21. हे अंतर भरून काढणाऱ्या स्त्रिया कुठून येणार? त्या ग्रामपंचायतीतून, जिल्हा परिषदेतून आणि महापालिकेतून आल्या नाहीत, तर नेत्यांच्या घरांतून येतील.

म्हणून पहिली मागणी: पंचायत संस्थांमधले महिला आरक्षण एका जागेवर किमान दोन मुदती स्थिर ठेवावे. तामिळनाडूने दहा वर्षांची पद्धत स्वीकारली आहे. शिवाय नव्या घटनादुरुस्तीत विधानसभेच्या राखीव जागा प्रत्येक पुनर्रचनेनंतरच फिरणार आहेत, म्हणजे तिथे सातत्याचे महत्त्व मान्य झालेलेच आहे. सातत्याने काय साधते याचा पुरावा मुंबईत आहे. तिथल्या महापालिकेच्या 1997 आणि 2002 च्या निवडणुकांचा अभ्यास रिखिल भवनानी यांनी केला. 1997 मध्ये महिला राखीव असलेले जे प्रभाग पुढे खुले झाले, तिथे महिला निवडून येण्याची शक्यता आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. एकदाच्या संधीचा हा परिणाम असेल, तर दोन मुदतींचा किती होईल याचा विचार व्हावा.

दुसरी मागणी पक्षांकडे आहे. खुल्या जागेवर महिलेला उमेदवारी देण्यापासून कोणत्याही कायद्याने त्यांना रोखलेले नाही. राखीव जागेवर काम करून दाखवलेल्या बाईला जागा खुली झाल्यावर उमेदवारी का नाकारली, हे पक्षाने तिला लेखी कळवावे.

तिसरी मागणी निवडून आलेल्या बाईच्या संरक्षणाची आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना अपात्र ठरवण्यात आले होते. त्यांना पद परत मिळवण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि 2024 मध्ये त्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रत्येक गावच्या सरपंच बाईला दिल्ली गाठता येत नाही. अपात्रतेच्या प्रकरणात जिल्हा पातळीवरच तिला मोफत वकील मिळाला पाहिजे.

या तीन मागण्यांचे निवेदन जिल्ह्यातल्या पंधराही आमदारांना द्यायचे आहे. त्याच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पूर्ण वाचा, पटले तर सही करा, आणि जे पटणार नाही ते समासात लिहून ठेवा. मसुदा पक्का करताना त्या टिपांचा विचार होईल.